किरकोळ बदल

१

सकाळी ऑफिसात आलो की मी आधी रेपो उघडतो, मग खिडकी. रेपो म्हणजे आमच्या सगळ्यांच्या कामाचं सामायिक कपाट. कोणी कुठल्या फाइलमध्ये काय बदललं, कधी बदललं, हे त्यात नोंदलं जातं. एक कमांड दिली की कालपासून कुठे काय हललंय ते समोर येतं. एरवी चार-दोन नावं असतात. त्या दिवशी ओळींमागून ओळी सरकायला लागल्या आणि थांबेचनात.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. एकाही फाइलच्या आत एक अक्षर बदललेलं नव्हतं, बदलली होती ती फक्त परवानगी. प्रत्येक फाइलला परवानग्या असतात: कोणी वाचायची, कोणी लिहायची, आणि ती प्रोग्रॅम म्हणून चालवायची की नाही. नुसती वाचायची-लिहायची फाइल असेल तर तिचा आकडा ६४४, चालवता येणारी असेल तर ७५५. आमच्या ऑफिसची सामायिक डिस्क जरा अडाणी आहे. तिच्यावरून काहीही कॉपी केलं की ती सरसकट सगळ्यांना ७५५ वाटून मोकळी होते, आणि मग रेपो बिचारा प्रामाणिकपणे ओरडत बसतो की बघा, बदल झाला, बघा, बदल झाला.

"सुतळी!" मी जागेवरूनच हाक मारली.

सुतळी आमचे सर्व्हर सांभाळतो. दरवाजातून आडवा यायची त्याला कधी गरज पडत नाही, म्हणून हे नाव. तो माझ्या टेबलाशी आला, ओळी बघितल्या आणि हसला.

"मीच. काल तुझं मशीन बदललं ना, तेव्हा डिस्कवरून टाकलं सगळं. पण तू ते सेटिंग बंद का करत नाहीस? परवानगी बदलली तर मला सांगू नकोस, असं एकदा त्याला बजावलं की विषय संपला. माझ्याकडे कधीचं बंद आहे."

"आणि उद्या खरंच कोणी परवानगी बदलली तर कळणार कसं?"

"कोण बदलणारे? तू म्हणजे ना, झोपलेल्याला उठवून झोप लागली का विचारणारा माणूस आहेस."

या सेटिंगवरून माझी ऑफिसात थट्टा होते, आणि मला ती आवडते. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच ऐकवतो: स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला तर आधी गॅस बघायचा, नाकाला चिमटा लावायचा नाही. ऐकवताना माझा आवाज थोडा चढतो, असं सुतळी म्हणतो.

मी एका कमांडीत सगळ्यांच्या परवानग्या पूर्ववत केल्या आणि पुन्हा यादी मागवली. यादी रिकामी यायला हवी होती. एक ओळ उरली होती. फाइलचं नाव 'बुधवार'. आधी ६४४, आता ७५५.

मी इकडेतिकडे पाहिलं. सुतळी चहाच्या मशीनकडे निघाला होता. मी ती ओळ पटकन वर सरकवली, कारण त्या फाइलमध्ये माझा आवाज होता.

२

आमची कंपनी एक डबा बनवते. साबणाच्या डबीहून जरासा मोठा, पांढरा, पुढून जाळी असलेला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत तो ठेवायचा. ठरल्या वेळी तो मुलाच्या नाहीतर मुलीच्या आवाजात बोलतो. गोळी घेतलीस का, पाणी प्यालास का, एवढंच. आवाज आधी रेकॉर्ड केलेला असतो आणि ऐकणाऱ्या माणसाला तसं स्पष्ट सांगायचं, असा आमचा नियम आहे. हा नियम मीच मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून करून घेतला होता. म्हाताऱ्या माणसांना फसवायचं नाही, असं मी म्हणालो होतो, आणि दोघांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

आईकडे डबा लावायला गेलो तेव्हा मी तिला सांगितलं, "आई, हा फोनच आहे. फक्त कानाला धरायचा नाही. रोज दुपारी तीन वाजता मी बोलेन."

"रोज?" आई म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला बघवेना. मी वायरीत डोकं घातलं आणि प्लग सरळ बसत नसल्याचं नाटक करत राहिलो.

आठवड्याच्या वारांची सात रेकॉर्डिंगं होती. ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत दार लावून एका बैठकीत केली होती. "काय गं आई, जेवलीस का?" मग तिच्या उत्तरापुरती शांतता. "बरं. गुडघा कसाय?" पुन्हा शांतता. "काळजी घे. उद्या बोलतो." शांतता किती ठेवायची हे मी अंदाजानं ठरवलं होतं. डब्याला काही ऐकू येत नाही. लोकांच्या घरातलं ऐकायला नको म्हणून त्यात मायक्रोफोन बसवायचाच नाही, हेही आमचं ठरलेलं होतं.

आईला अलीकडे विसरायला होतं. मागच्या बुधवारी मी काय बोललो ते या बुधवारी तिच्या लक्षात राहत नसे. हे दुःख होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं. दोन्ही खरं आहे. बायकोला वाटायचं, मी रोज दुपारी आईला फोन करतो. तिच्या भावाशी बोलताना ती हे सांगायची तेव्हा मी उठून पाणी प्यायला जायचो.

ती सात रेकॉर्डिंगं रेपोत 'चाचणी' नावाच्या कप्प्यात ठेवली होती. आमचे सगळे डबे रोज सकाळी आपापल्या फायली तिथूनच उचलतात. तिथे कोणी फिरकत नाही. कोणाला काय गरज?

३

मी 'बुधवार'ची परवानगी काढून घेतली. आवाजाच्या फाइलला चालवायची परवानगी म्हणजे उशीला बटण लावण्यासारखं आहे, त्यानं काही बिघडत नाही आणि काही होतही नाही. जेवून आलो आणि सहज पाहिलं तर पुन्हा ७५५. पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ७५५.

माझं डोकं नेहमीच्या वाटेनं चालत होतं. डिस्क अजून कुठेतरी जोडलेली असेल. एखादा जुना प्रोग्रॅम मागे चालत असेल. पण मग कप्प्यातल्या सात फायलींपैकी एकच का? मी डिस्कची जोडणी काढली, मागे चालणारं सगळं बंद केलं, मशीन बंद करून चालू केलं. दुपारी तीनच्या मीटिंगमधून परत आलो तर पुन्हा ७५५.

सुतळी माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलेला मला कळलंच नाही.

"अजून तेच?"

"एकच फाइल आहे. किरकोळ आहे."

"तुझ्याच मशीनवर, तुझ्याच नावानं होतंय म्हणजे तूच करतोयस की," तो म्हणाला. "थांब, पाळत लावतो. कुठला प्रोग्रॅम हात लावतोय ते संध्याकाळपर्यंत कळेल. काय आहे त्या फाइलमध्ये?"

"काही नाही. चाचणीचा आवाज आहे."

"ऐकव ना."

त्यानं माझा हेडफोन उचललासुद्धा. मी तो त्याच्या हातातून इतक्या जोरात ओढून घेतला की शेजारच्या टेबलावरच्या दोघी वर बघायला लागल्या. माझे कान तापले. मी काहीतरी हसण्यासारखं केलं आणि म्हणालो, "सोड रे. तुझंच खरं. करतो ते सेटिंग बंद."

"काय सांगतोस!"

"खरंच. सगळ्यांचंच करतो."

आणि केलं. सगळ्यांच्या मशीनवर जी तयारीची फाइल चालते तिच्यात एक ओळ घातली: परवानगीतले बदल दाखवू नका. वर्षानुवर्षं ज्याच्या विरुद्ध घसा कोरडा केला ते मी सगळ्या ऑफिसला लावून दिलं, आणि कशासाठी, तर एका मित्रानं माझा आवाज ऐकू नये म्हणून.

"आलास एकदाचा माणसांत," सुतळी म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मी यादी मागवली. काहीही बदललेलं नाही, असं उत्तर आलं. मला बरं वाटायला हवं होतं.

४

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी आणि बायको आईकडे गेलो. आत शिरताच खोली वेगळी वाटली, पण काय वेगळं ते कळायला क्षण गेला. पलंग भिंतीकडून खिडकीशी आला होता. जुना लोखंडी पलंग आहे तो, घर लावलं तेव्हा चौघांनी उचलला होता. त्याच्या शेजारी, उशीकडे तोंड करून, बाहेरच्या खोलीतली हाताची खुर्ची ठेवलेली होती.

"हा कोणी हलवला?" मी विचारलं.

"तूच म्हणालास ना, उजेडात बसत जा म्हणून," आई म्हणाली. "मग ओढला आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

आई हसायला लागली. "विसरभोळी मी की तू रे?"

बायको माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत कौतुक होतं. "रोज दुपारी बोलतो तुमच्याशी, आई. मला सांगतो ना," ती म्हणाली. मी तिला असं कधी सांगितलं नव्हतं, फक्त नाकारलं नव्हतं.

"हो गं. दुपारी किती छान बोलतो. समोर आला की मात्र तोंडाला कुलूप." आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "परवा त्यांच्याबद्दल विचारलंस, मला फार बरं वाटलं बाळा. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतंस."

"कोणाबद्दल?"

"बाबांबद्दल. शेवटच्या दिवशी काय बोलले ते."

मी कधीच विचारलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी कामासाठी लांब होतो, उशिरा पोचलो, आणि त्यानंतर तो विषय निघाला की मी खोलीतून बाहेर जायचो. कुठल्याही वाराच्या रेकॉर्डिंगमध्ये बाबांचा शब्द नव्हता. असणं शक्यच नव्हतं.

"काय बोलले होते?" बायकोनं हळूच विचारलं.

"ते त्याला सांगितलंय," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, आमचं दोघांचं गुपित असल्यासारखी.

आईला विसरायला होतं, म्हणजे नसलेलं आठवायलाही होत असेल. मी डॉक्टरांचा विचार केला, गोळ्यांचा विचार केला. मनाला पटतील अशी कारणं मी भराभर जमवत होतो आणि ती जमतही होती. पण मला भीतीहून जास्त दुसरंच काहीतरी टोचत होतं. बाबा काय बोलले होते ते मला माहीत नव्हतं, आणि आता विचारायची सोय उरली नव्हती.

पलंगाखाली वाकून मी डब्याचा प्लग शोधायला गेलो, तर आई म्हणाली, "राहू दे, तू नको हात लावूस." एवढ्या तुटकपणे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी उठून उभा राहिलो.

जिना उतरताना बायकोनं माझा दंड धरला. "तुझं बघून मलाही वाटतं, मीही माझ्या आईला रोज फोन करावा," ती म्हणाली. पायरीवरच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे जेवायला गेले तेव्हा मी एकटाच मागे थांबलो. एसीची घरघर आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरची अधूनमधून होणारी कुरकुर, एवढाच आवाज होता. मी 'चाचणी' कप्प्याचा इतिहास उघडला.

सातही वार ७५५ झाले होते. एकेक करून, ज्या-त्या वारी, दुपारी तीन वाजता. प्रत्येक नोंदीपुढे माझं नाव होतं. नोंद करताना आपण काय केलं ते दोन शब्दांत लिहायचं असतं, आणि मला कंटाळा आला की मी एकच शब्द लिहितो. त्या सगळ्या नोंदींपुढे तोच होता. किरकोळ.

सेटिंग बंद असलं की परवानगीतला बदल रेपोला दिसत नाही, त्यामुळे तो चुकून नोंदलाही जात नाही. नोंदवायचाच असेल तर त्यासाठी वेगळी कमांड आहे, फाइलचं नाव घेऊन, मुद्दाम, हातानं द्यायची. डिस्कला ती देता येत नाही. मागे चालणाऱ्या एखाद्या विसरलेल्या प्रोग्रॅमला ती सुचत नाही. ज्याला ती परवानगी हवी आहे त्यालाच ती द्यावी लागते.

मी स्वतःला म्हटलं, चालवून बघ. आवाजाच्या फाइलमध्ये चालवण्यासारखं काही नसतं, मशीन एक चिडकी ओळ छापेल आणि तुझं समाधान होईल. मी 'सोमवार'चं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं.

चिडकी ओळ आली नाही. कर्सर लुकलुकत राहिला, काहीतरी चालू असताना राहतो तसा. मी हेडफोन कानाला लावला.

आधी काही नव्हतं. मग पंख्याचा आवाज यायला लागला, एका फेरीला एकदा चुकणारा. तो पंखा मला माहीत होता, दुरुस्त करून देतो म्हणून मी दोन वर्षं सांगत होतो. खाली कुठेतरी कोणी मोटरसायकल चालू करत होतं. मग अगदी जवळून, हेडफोनला गाल लावल्याइतक्या जवळून, आईचा श्वास.

"थांबलास का?" आई म्हणाली. "ऐकतोयस ना?"

मला बोलता आलं असतं. माझ्या मशीनला माइक होता, तो चालू होता, त्याचा हिरवा ठिपका मला दिसत होता. आई मी आहे, असं म्हटलं असतं तर कदाचित ते तिच्यापर्यंत पोचलंही असतं. पण मग ती म्हणाली असती, तूच तर आहेस, इतका वेळ कोण होतं मग?

"ऐकतोय गं," माझा आवाज म्हणाला. माझं तोंड बंद होतं. "सावकाश सांग."

मी मशीनचं बटण दाबून धरलं, ते बंद पडेपर्यंत. पडद्यावर माझा चेहरा दिसायला लागला तेव्हा मी तोही वळवून ठेवला.

६

सातही फायली मी पुसून टाकल्या. कप्पा पुसला. मग सुतळीला गाठलं आणि शक्य तितक्या सहज म्हणालो, "एका डब्याच्या फायली काढल्यात. उद्या सकाळी त्यानं स्वतःकडच्याही पुसल्या का, तेवढं बघशील?" डब्याचा नंबर सांगितला.

सुतळीनं नंबर घातला आणि भुवया वर केल्या. "उद्या कशाला? हा डबा कधीचा बंद आहे. कित्येक आठवडे फायली न्यायला आलेलाच नाही. प्लग काढून ठेवला असणार कोणीतरी." मग त्यानं खालचा पत्ता वाचला, आणि माझ्याकडे वळला. मागे एकदा आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गाडी त्यानंच चालवली होती. "हे तुझ्या आईचं घर ना?"

मी मान डोलावली.

"त्यात आवाज कोणाचा टाकला होतास?"

"माझा."

"तिला सांगितलं होतंस? रेकॉर्ड केलेलाय म्हणून?"

सुतळी कशावरही विनोद करतो. माझ्या लग्नात त्यानं भटजींवर केला होता. त्या वेळी त्यानं केला नाही. माझी मान इतकी खाली गेली की मला त्याच्या बुटांच्या नाड्या दिसत होत्या, एक नाडी सुटलेली होती.

"हेडफोन म्हणून ओढलास होय," तो अखेर म्हणाला. "आणि टेबलावर हात आपटत होतास मीटिंगमध्ये."

"सुतळी, ती म्हणते मी अजूनही रोज बोलतो. डबा बंद असला तर ती कोणाशी बोलते?"

"मला काय माहीत?" तो चिडला होता. मला बरं वाटलं, मी त्याच लायकीचा होतो. "म्हातारं माणूस आहे, एकटं आहे, बोलत असेल भिंतीशी. हे बघ, मला एवढंच कळतं. आत्ता ऊठ. जाऊन तिला सांग, की आई, तो मी नव्हतो. शिव्या देईल, रडेल, दे म्हणावं. आज नाही सांगितलंस तर पुन्हा सांगणार नाहीस तू. ओळखतो मी तुला."

मी उठलो. सांगायचंच, असं ठरवून निघालो. रस्ताभर मी ते वाक्य मनात घोळवत होतो, तो मी नव्हतो आई, तो मी नव्हतो. दर वेळी ते आदल्या वेळेपेक्षा खोटं वाटत होतं.

७

आईच्या इमारतीचा जिना दुपारच्या वेळी निवांत असतो. एका दारामागे कुकरची शिट्टी झाली, दुसऱ्यामागे कोणी टीव्हीचा आवाज कमी केला. आईच्या मजल्यावर पोचण्याआधीच मला तिचं हसणं ऐकू आलं.

ती नुसती हसत नव्हती, तिला हसू आवरत नव्हतं. खोकला यायचा, थांबायची आणि पुन्हा हसायची. असं हसताना मी तिला लहानपणी पाहिलं असेन. मध्ये मध्ये दुसरा आवाज होता. शब्द कळत नव्हते, पण वाक्य संपताना खाली येणारा सूर माझा होता. आपलाच आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो म्हणतात. हा परका वाटला नाही, फक्त तो माझ्यासारखा दमलेला नव्हता.

किल्ली खिशात होती. मी बेल वाजवली. स्वतःच्या आईच्या घराची बेल मी का वाजवली, ते मला सांगता येणार नाही. हसणं थांबलं. आईच्या सपाता दारापर्यंत आल्या आणि दार उघडलं.

"कोण हवंय?" आई म्हणाली.

अनोळखी माणसासाठी ती जो चेहरा ठेवते, तो चेहरा होता. नम्र, थोडा सावध. तिनं मला नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि त्या नजरेत कुठेही काही अडखळलं नाही.

तिच्या मागे चपलांच्या फळीवर आमचा पांढरा डबा ठेवलेला होता. वायर नीट गुंडाळून त्याला रबर लावलं होतं, जाळीवर धूळ बसली होती. त्यापलीकडे आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खिडकीचा उजेड, पलंगाचा कोपरा, आणि खुर्चीचा एक हात मला दिसला. त्या हातावर एक कोपर टेकलेलं होतं. बाही इस्त्रीची होती. ते हललं नाही, कोणी घाईत नसलं की बसतं तसं ते नुसतं तिथे होतं.

मला एकच शब्द म्हणायचा होता. आई. तो शब्द म्हटला असता तर तिनं ओळखलं असतं, अजूनही माझा तसा विश्वास आहे. पण त्या शब्दानंतर बाकीचं सगळं ओळीनं सांगावं लागलं असतं, मीटिंगची खोली, सात वार, मोजूनमापून ठेवलेली शांतता, आणि ते तिच्या या हसून लाल झालेल्या चेहऱ्याकडे बघत सांगावं लागलं असतं. मी उंबऱ्यापासून एक पाऊल मागे सरकलो.

"माफ करा," मी म्हणालो. "चुकीच्या मजल्यावर आलो."

"असू दे हो. होतं असं. सगळी दारं सारखीच दिसतात." ती जायला वळली आणि थांबली. "घामाघूम झालात की. पाणी देऊ?"

मी मान हलवली. तिनं पाणी आणून दिलं. मी पीत असताना ती दाराला टेकून उभी राहिली, आणि मला जाणवलं की तिला माझी कीव येतेय.

"आई आहे का हो तुमची?" तिनं विचारलं.

"आहे."

"भेटता ना?"

मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"भेटत जा," आई म्हणाली. "आम्हाला काही लागत नाही हो. कोणी समोर येऊन बसलं, पुरे होतं. माझा बसतो बघा रोज."

"आई," आतून माझा आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, की धमकी नव्हती. लाडानं हाक मारतात तशी ती हाक होती, मला कधी न जमलेली.

"आले रे बाळा," आई म्हणाली. तिनं माझ्या हातातून पेला घेतला, मला हसून निरोप दिला आणि दार लोटलं.

मी तिथेच उभा राहिलो. तिच्या सपाता बाहेरची खोली ओलांडून आत गेल्या, खुर्चीपाशी थांबल्या, पलंग करकरला. मग, अगदी माझ्या तोंडासमोर, दाराला आतून कोणीतरी हळूच कडी लावली.